शेजारच्या तुकडीतल्या टाळ्या

हेड ऑफिसचे साहेब येणार म्हणून हेडक्लार्क सकाळपासून मनातल्या मनात विनंतीची उजळणी करत होते. त्यांच्या बदलीचा हुकूम निघायच्या बेतात होता. जन्म भाड्याच्या खोल्यांत काढून त्यांनी नुकतंच याच गावात घर बांधलं होतं, अजून रंगही वाळला नव्हता. आज साहेबांची मर्जी राखली तर बदली टळणार होती. पण साहेब पडले तापट, आणि भाषण करणार इंग्रजीतून.

आता इथे हेडक्लार्कांच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना आणणं भाग आहे. क्रियाविशेषणं शिकवायची त्यांची तऱ्हाच न्यारी. क्विकचं क्विकली होतं, तिथे वर्गाने टाळी वाजवायची. हार्ड, लेट असे शब्द 'ली'चं शेपूट लावून घेत नाहीत, तिथे तोंडावर हात ठेवायचा. काय दिवस होते ते! हेडक्लार्क पुढे गणित विसरले, भूगोल विसरले, पण हात काही विसरले नाहीत. ऑफिसात इंग्रजी बोलतंय कोण, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

साहेब म्हणाले, वर्क हार्ड. पहिल्या रांगेतल्या हेडक्लार्कांचा हात तोंडावर गेला. साहेबांना वाटलं, हा हसतोय. ते गुरगुरले, डोन्ट कम लेट. हात पुन्हा तोंडावर. मग फाइली क्विकली हलवा म्हणताच हेडक्लार्कांनी खणखणीत टाळी दिली. ते वाजवतात म्हणजे वाजवायचीच असणार, असं समजून अख्खं ऑफिस वाजवायला लागलं. केअरफुलीला टाळ्या, प्रॉपर्लीला टाळ्या. साहेबांनी भाषण अर्ध्यावर टाकलं आणि हेडक्लार्कांना केबिनमध्ये बोलावलं.

"माझी टिंगल करता?"

हेडक्लार्कांनी घाम पुसत बाईंची सगळी हकीकत सांगितली. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"कुठली शाळा? पुलापलीकडची?"

"हो, साहेब."

"मी शेजारच्या तुकडीत होतो. आम्हाला एक खडूस मास्तर होते. भिंतीपलीकडून तुमच्या टाळ्या ऐकू यायच्या. वाटायचं, तिकडे रोज कुणाचा तरी सत्कार चाललाय. फार हेवा वाटायचा हो."

साहेबांचे डोळे भरून आले. हेडक्लार्कांनाही गहिवरून आलं. हीच वेळ साधून त्यांनी हळूच बदलीचा विषय काढला.

"त्याची काळजी सोडा," साहेब त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले. "तुम्हाला कुठल्या कोपऱ्यातल्या शाखेत नाही पाठवणार. तिकडे शहरात, हेड ऑफिसात या, माझ्या शेजारीच बसा. आता मध्ये भिंत नको."

हेडक्लार्कांच्या तोंडून 'नाही' निघेना. हे घरी बायकोला कसं सांगायचं, ते मात्र बाईंनी शिकवलं नव्हतं.