हरवलेल्या मुलीला दूध चालत नाही

मी एकदा ठरवलं की ठरवलं! कारखान्याच्या सुरक्षा खात्यात उभी हयात काढलेला माणूस आहे मी. आग लागली तर काय करायचं, वायू गळला तर कुठल्या दारानं पळायचं, याच्या रंगीत तालमी जन्मभर घेतल्या. ऐन जेवणाच्या सुट्टीत भोंगा वाजवून लोकांना हातातल्या घासासकट मैदानात उभं करायचो. लोक मला मागून 'भोंगा' म्हणायचे. नंतर तोंडावरही म्हणायला लागले. पण माझ्या कारकिर्दीत एकाही माणसाला साधं खरचटलं नाही! आता, आग कधी लागलीच नाही, हा भाग वेगळा.

अशा माणसाला त्याची मुलगी फोनवर म्हणते, "थीम पार्कात मला खायला काही मिळणार नाही, बाबा. राहू दे ना."

राहू दे? मला?

मुलगी दूरच्या शहरात नोकरी करते. व्हीगन आहे. म्हणजे दूध नाही, लोणी नाही, चीज नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. मधमाशीलाही त्रास द्यायचा नाही म्हणे! तिला एक दिवस सुट्टी होती आणि मीच म्हटलं होतं, ये, पार्कात जाऊ. खरं कारण सांगतो, कुणाला बोलू नका. घरी आली की आम्ही दोघं समोरासमोर बसतो आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकतो. पार्कात कसं, आरडाओरडा असतो, पाळणे असतात, बोलावं लागत नाही. तिची आई होती तोवर बोलायचं खातं तिच्याकडे होतं. दोघी तासभर बोलायच्या, मग ही फोन माझ्या हातात द्यायची आणि मी विचारायचो, "जेवलीस का?" संपलं. आता आई नाही, आणि फोन थेट माझ्याच हातात येतो.

व्हीगन झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. विषय मिळाला! दर रविवारी विचारायचो, आज काय खाल्लंस, दुधाऐवजी काय घातलंस, ते फाटलं का. पाच-सात मिनिटं सहज निघायची.

तर ती म्हणाली, "बघते बाबा, जमेल की नाही ते कळवते." तिच्या 'कळवते'चा अर्थ मला पाठ आहे. पण अजून तिनं कळवलं नव्हतं, आणि कळवलं नाही तोवर ती येणार असंच धरून चालता येतं. म्हणून आदल्या दिवशी मी एकटाच पार्कात गेलो. रंगीत तालीम!

फाटकावरच्या माणसानं मागे वाकून पाहिलं. "बाकीचे कुठे आहेत, काका?"

"बाकीचं कुणी नाही."

त्यानं मला आत सोडलं, पण अशा नजरेनं, की बघा, पाळण्यात रडायला आलाय म्हातारा!

आता खाण्याचं ऐका. पहिल्या दुकानात सूप होतं. सुंदर हिरवं! मी विचारलं, "यात दुधाचं काही नाही ना?" तो म्हणाला, "छे! फक्त मलई." दुसरीकडे तळलेले बटाटे होते, पण त्याच कढईत मासे नुकतेच पोहून गेले होते. तिसरीकडे पाव चकाकत होता तो लोण्यानं. सॅलडवाल्यानं तर माझ्यादेखत मधाची बाटली उलटी केली आणि वर म्हणाला, "तुमच्यासाठी जरा जास्तच!" एका गाडीवर अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस डोकं काखेत मारून आइस्क्रीम खात होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "काका, पाणी प्या. पाण्यात नक्की काही नसतं."

शेवटी तळ्याकाठी एक छोटंसं उपाहारगृह सापडलं. काउंटरवरच्या ताई भल्या होत्या. साधे नूडल्स, उकडलेले वाटाणे, फळं. लोणी घालू नका म्हटलं की न घालणाऱ्या!

"दोन ताटं द्या," मी म्हणालो. "एक मुलीसाठी. तिला दूध, लोणी, चीज, अंडं, मध, काही म्हणजे काही चालत नाही. एक थेंब जरी गेला ना ताई, तर संपलं सगळं!"

म्हणजे माझी अब्रू संपली, तिचं पुन्हा येणं संपलं, असं मला म्हणायचं होतं. ताईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी पळी धुतली, भांडं धुतलं, हात कोपरापर्यंत धुतले. मला वाटलं, काय ही सेवा!

दोन ताटं घेऊन बसलो. एक माझ्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. तालीम म्हणजे तालीम, अर्धवट करून चालत नाही. खुर्चीला म्हणालो, "बघ, मिळालं की नाही? खाऊन घे, गार होतंय." मग पुढे काय बोलायचं ते सुचेना. खुर्चीलाही सुचलं नसावं.

ताई जवळ आल्या. "काका, मुलगी कुठंय?"

"अजून आली नाही."

"किती वेळ झाला?"

"मी तर केव्हाची वाट बघतोय!"

"लहान आहे?"

"आपल्याला आपली मुलं लहानच की हो!"

"एकटीच आहे?"

"एकटीच असते. सवय आहे तिला." बोलता बोलता मी तिच्या ताटावर कागदी रुमाल झाकला. "सकाळपासून तिचा फोनही आला नाही."

ताईंनी तोंडावर हात धरला आणि त्या आत पळाल्या. मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या मुलीची इतकी चौकशी केली! एवढ्यात समोरच्या गाडीवर फळांचा बर्फगोळा दिसला, म्हणून त्यात दूध आहे का ते बघायला मी उठलो.

तेवढ्यात भोंगा वाजला!

काय सांगू तुम्हाला! निवृत्त झाल्यापासून तो आवाज कानावर पडला नव्हता. घोषणा झाली, "एक लहान मुलगी हरवली आहे, तिच्या वडिलांनी नियंत्रण कक्षात यावं. सर्व फाटकं बंद करण्यात येत आहेत." आकाशपाळणा थांबला, गाणी थांबली. आणि माझ्या अंगात वीस वर्षांचा तरुण संचारला! पाळण्यावरच्या ऑपरेटरला म्हणालो, "एकेक डबा खाली घे, प्रत्येक डब्यात बघ!" त्यानं घेतला! अस्वलाला तळ्याच्या काठानं पिटाळलं. तोही गेला, डोकं घालून! मी खिशातली जुनी शिट्टी फुंकत होतो, हात दाखवत होतो आणि लोक माझं ऐकत होते. कुणीतरी म्हणालं, "काका आहेत म्हणून बरं."

आणि त्या बापाचा मला असा संताप आला म्हणून सांगू! दिसेल त्याला सांगत सुटलो, "कसला बाप असेल हा? पोरीची जेवायची वेळ झाली आणि याला पत्ता नाही! पोर एकटी, आणि हा कुठं तरी हुंदडत असणार!" बायाबापड्या माना डोलावत होत्या. एक आजी म्हणाल्या, "अशांना मुलं देतोच कशाला देव!" मी म्हणालो, "अगदी बरोबर!"

तसाच तावातावानं नियंत्रण कक्षात शिरलो. सुपरवायझर बाई माइकपाशी उभ्या होत्या.

"वर्णन द्या!" मी दरडावलं. "वर्णनाशिवाय शोध घेता येत नाही!"

"फारसं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "लहान आहे. एकटी आहे. दूध, लोणी, अंडं पोटात गेलं तर जिवाला धोका आहे. आणि आता बापही गायब झालाय. निळ्या टोपीतला माणूस. दोन भरली ताटं टाकून पळाला."

मी हळूच टोपी काढली.

"हेच ते!" दारातून ताई ओरडल्या.

खुलासा करताना मला असा घाम फुटला की खऱ्या आगीतही फुटला नसता. सगळं ऐकून सुपरवायझर बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलगी सुखरूप आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मला फाटकं उघडता येत नाहीत. नियम आहे. लावा फोन. स्पीकरवर."

नियमापुढे माझी बोलती बंद होते. पण फोन लावायला मन होईना. फोन लावला की ती कळवणार, आणि तिनं कळवलं की उद्याचा दिवस गेला! खिडकीतून फाटकाजवळची गर्दी दिसत होती, मुलं रडत होती. लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला!

"बाबा? मीच करणार होते. ते उद्याचं..."

"मॅडम," सुपरवायझर बाई मध्येच म्हणाल्या, "आपण सुखरूप आहात का?"

"मी? कोण बोलतंय? बाबांना काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. ताईंनी मागून भर घातली, "दूधबिध काही घेतलं नाही ना गं, बाळा?"

मग मुलगी म्हणाली, "मी आत्ता दुधाचीच कॉफी पितेय."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. माझ्यामागून आत आलेल्या अस्वलानंही डोकं काढलं.

"व्हीगन सोडून वर्ष होत आलं, बाबा."

"अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रविवारी तुम्ही मला विचारलं काय असतं?"

कॉफी पिण्याचा आवाज तेवढा स्पीकरवर आला.

"आणि उद्या खायला मिळणार नाही म्हणालीस ते?"

"भीती वाटली. दिवसभर आपण दोघंच. बोलणार काय?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे घड्याळाची टिकटिक तिलाही ऐकू येत होती! मी आपला समजत होतो, हा आजार माझा एकट्याचाच आहे.

"ताई," ती म्हणाली, "त्यांनी खरंच दोन ताटं घेतली होती?"

"हो गं. खुर्चीशी बोलत होते. अर्ध्यातच गप्प झाले."

"येते उद्या," मुलगी म्हणाली. "बाबा, काही ठरवू नका. नुसते या." आणि मी 'जेवलीस का' विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

सुपरवायझर बाईंनी माइक हातात घेतला. नियमाप्रमाणे, तक्रारीत नोंदलेली प्रत्येक गोष्ट जाहीरपणे दुरुस्त करायची असते. सगळ्या पार्कभर त्यांचा आवाज घुमला, "हरवलेली मुलगी सुखरूप आहे. तिचे वडीलही सापडले आहेत. तिला दूध चालतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी मान खाली घालून बाहेर निघालो, तर फाटकात दोन मुलांच्या आईनं मला गाठलं.

"तुम्हीच ना ते? मिळाली ना पोर? आता नजर हटू देऊ नका हो. बघता बघता लांब जातात मुलं."

"जातात खरी," मी म्हणालो.

"केवढी आहे?"

"पस्तिशीला आली."

त्या बाईनं दोन्ही मुलांचे हात घट्ट धरले आणि दुसऱ्या फाटकाची वाट धरली.