कवटीला शेंडी कोणी लावली?

"आधी माझं वर्णन लिहून घे," साहेब म्हणाले. मी घेतलं. ते असं: 'डिटेक्टिव्ह जयसिंग खराडे. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू वकिलाचा. गुन्हेगार पंचगंगेच्या तळाशी जाऊन बसला तरी यांच्या हातून सुटत नाही. अख्ख्या कोल्हापुरात यांच्या तोडीचा माणूस नाही, आणि सांगलीचं तर नावच काढू नये.'

आता माझं. मी रूपाली. साहेबांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. बाहेरच्या पाटीवर वर 'गुप्तहेर' असं आहे आणि खाली 'लोगो, लग्नपत्रिका, गाडीवर रेडियमची अक्षरं'. आमचं पोट खालच्या ओळीवर चालतं. वरच्या ओळीवर आजवर एक हरवलेली सायकल सापडली आहे, आणि ती साहेबांचीच होती. ऑफिसच्या मागं लावून ते विसरले होते.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. जयसिंगपूरचा सम्मेद मगदूम इथं इंजिनिअरिंगला होता, म्हणजे होस्टेलला राहून गिटार वाजवत होता. त्याच्या बँडचं नाव 'स्कल'. गाणी इंग्रजीत. ती इंग्रजीतच आहेत हे तो दर वेळी आधी सांगायचा, ते बरं व्हायचं. ड्रमवर गुंडू होता. तो एरवी तालमीच्या गणपतीपुढं ढोल वाजवायचा, आणि खरं सांगायचं तर त्या बँडमध्ये वाजवणारा तेवढा एकच होता.

त्यांची पहिली कॅसेट रविवारी निघणार होती. कार्यक्रमाला सम्मेदचे वडील वर्धमानआप्पा येणार होते. त्यांचं जयसिंगपुरात किराणा-भुसाराचं मोठं दुकान. त्यांनी लेकाला बजावलं होतं की कॅसेटीवर मगदूम घराण्याचं नाव येतंय, लाज जाण्यासारखं त्यावर काही दिसलं तर गिटार माळ्यावर आणि तू गल्ल्यावर. 'स्कल' म्हणजे काय असं त्यांनी विचारलं, तेव्हा या पठ्ठ्यानं "स्कूलसारखंच असतंय" असं सांगून वेळ मारून नेली. शिक्षणाचं काही असेल म्हणून आप्पा गप्प बसले.

लोगो आणि कव्हर आमच्याकडं होतं. सम्मेदला भेसूर कवटी हवी होती, खाली फुलीसारखी दोन हाडं, आणि रॉक आहे म्हणून कवटीला लांब केस. मी कॉम्प्युटरवर करते म्हटलं, तर कॉम्प्युटरला आत्मा नसतो असं सांगून साहेबांनी ब्रश स्वतः उचलला. 'स्कल' हे नावही मराठी अक्षरात, हातानंच काढलं. मला ती कवटी पहिल्यापासून कवटी वाटली नव्हती, पण मला काय वाटतं हे विचारायची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

शाहूपुरीतल्या छापखान्यातून कव्हरं आली आणि सम्मेद ती छातीशी धरून आमच्याकडं धावत आला. कवटीच्या जागी शेंडीवाला नारळ होता. नारळ कलशावर, भोवती आंब्याची पानं. वर ठळक अक्षरात 'सकल'. रॉक बँडच्या कॅसेटीची सत्यनारायणाची पत्रिका झाली होती.

आपल्या चित्रात काही खोट असेल ही शंका साहेबांच्या मनाला शिवलीही नाही. ते खुर्चीतून उठले, दार लावलं आणि म्हणाले, "घातपात."

छापखान्याचे मालक आण्णा भला माणूस. त्यांनी आधी चहा सांगितला. साहेबांनी भिंगातून टेबल तपासलं आणि छापखान्यात शाई सापडली याची गंभीर नोंद घेतली. मग गुरुवारी संध्याकाळी कुठं होता, शत्रू किती, डावखुरे आहात काय, असं बरंच विचारलं. चित्र कोणी बदललं, एवढंच विचारलं नाही. आण्णा दोनदा "आवडलं न्हवं का काम?" असं म्हणाले. दोन्ही वेळा साहेबांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला सांगितलं.

बाहेर येताच पहिला सिद्धांत तयार होता. नारळ देणे म्हणजे काढून टाकणे. याचा अर्थ बँडमधल्या कुणाला तरी नारळ मिळणार आहे आणि हा त्याचा इशारा आहे. कोणाला? जो ढोल वाजवून रॉकचं नाव खराब करतो त्याला. साहेबांनी हे गुंडूला तोंडावर सांगितलं. गुंडूनं शांतपणे दोन्ही काड्या खिशात घातल्या.

"मला काडायचंय व्हय? मग मीच चाललो की," तो म्हणाला आणि तालमीत जाऊन बसला. अशा रीतीनं तपासाच्या पहिल्याच दिवशी बँडचा ड्रमर गेला.

दुसरा सिद्धांत साहेबांना दाढी करताना सुचला. 'सकल' ही अक्षरं फिरवली की 'कलस' होतं. कलस म्हणजे कळस. कळस म्हणजे देऊळ. नारळ आणि देऊळ जिथं एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे नृसिंहवाडी. नारळ आणि देऊळ कोल्हापुरात ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर एकत्र येतात, हे मी सांगितलं नाही. एस. टी.चा प्रवास मला आवडतो.

वाडीत साहेबांनी नारळवाल्यांच्या रांगेत प्रत्येकाकडं रोखून पाहिलं. एकानं विचारलं, "पावणं, नारळ घेणार हाय का नुसतंच बघणार?" कवटीचा माग काही लागला नाही. कवठाची बर्फी मात्र मिळाली. ती त्यांनी पुरावा म्हणून घेतली आणि घाटावर बसून नष्ट केली. आमच्याबरोबर आलेला सम्मेद पायरीवर डोकं धरून बसला होता. ड्रमर नाही, कव्हर हे असलं, आणि रविवार उद्यावर आलेला. इतके दिवस मला त्या पोराचा राग यायचा. त्या पायरीवर मात्र मला त्याची दया आली.

परतताना एस. टी. जयसिंगपूरला थांबली आणि साहेब ताडकन उठले. "या गुन्ह्याचा फायदा कोणाला? ज्याला कवटी नको त्याला. तुझ्या बापाला."

सम्मेदनं त्यांचा शर्ट धरला. आप्पांना कवटीचं कळलं तर सगळं संपलं, असं तो कळवळून सांगत होता. साहेबांनी शर्ट सोडवून घेतला आणि खाली उतरले. गुन्हेगार कधी हाती लागत नाही, पण अशिलाचा सत्यानाश करण्यात आमचं ऑफिस कधी कमी पडलं नाही.

वर्धमानआप्पा गादीवर बसले होते. साहेबांनी त्यांच्यापुढं एका बाजूला आपलं मूळ चित्र ठेवलं, दुसऱ्या बाजूला छापील कव्हर, आणि दुकानभर ऐकू जाईल असं बोलले. "कवटीचा नारळ तुम्ही केलात. कबूल करा."

आप्पांनी चष्मा लावला. आधी कव्हर पाहिलं, मग चित्र. दोन्ही पुन्हा पाहिलं. सम्मेद पोत्याला टेकून डोळे मिटून उभा होता.

"ह्यात कवटी कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. आप्पांनी हात मागं नेऊन पोत्यातला एक नारळ काढला, त्याची शेंडी थोडी सोलली आणि तो चित्राशेजारी ठेवला. नारळाला तीन डोळे. साहेबांच्या कवटीला दोन डोळे आणि नाकाचं एक भोक. वर केस, म्हणजे शेंडी. जबड्याचा झाला कलश आणि हाडांची झाली पानं. खरं म्हणजे साहेबांनी नारळ फार छान काढला होता.

"आनि हे 'स्कल' काय?" आप्पा म्हणाले. "असा शब्दच न्हाय. आमच्या तालुक्यात जी पत्रिका छापत्यात तिच्यावर 'सकल जैन समाज' असतंय. त्या आण्णानं तुमची चूक सुदारली, दुसरं काय."

त्यांनी तिथूनच फोन लावला. आण्णांनी अभिमानानं कबूल केलं. अक्षर चुकलं होतं ते नीट केलं, मंगल कलशाचं चित्र जरा कच्चं होतं ते आपल्याकडचं चांगलं घातलं, आणि घाईत राहून गेलं असेल म्हणून कुणाला बोलले नाहीत. प्रकरण संपलं. फोनवर, एका मिनिटात.

मग आप्पा लेकाकडं वळले. "स्कूल म्हनालतास मला." सम्मेद पोत्याआड सरकला. "कवटी आली असती तर गिटार उद्याच माळ्यावर गेली असती. पन छापलंय ते चांगलं छापलंय. ह्येच ऱ्हाऊ दे. मी येतो."

सम्मेदनं तो नारळ उचलून फिरवून पाहिला. कवटी ठेवायची तर गिटार जाणार, गिटार ठेवायची तर नारळ गळ्यात. शेवटी तो "बरं" म्हणाला. तिथून तो थेट तालमीत गेला आणि गुंडूचे पाय धरून त्याला घेऊन आला.

रविवारी जयसिंगपूरहून दोन जीप भरून माणसं आली. लांब केसांच्या सम्मेदनं माइक धरला, "वी आर" म्हणाला, पहिल्या रांगेतल्या आप्पांकडं पाहिलं आणि म्हणाला, "सकल." समाजानं टाळ्यांचा कडकडाट केला. गाणी इंग्रजीत असल्यामुळं मध्ये कुणाचा गैरसमज झाला नाही.

शेवटी आप्पांनी असं मंगल चित्र काढणाऱ्या कलाकाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल त्यांनी स्वतः साहेबांच्या खांद्यावर घातली आणि श्रीफळ बँडच्या हस्ते द्यायला लावलं. सम्मेदनं ते साहेबांच्या हातात ठेवलं, दोन क्षण जास्तच दाबून धरलं, आणि पुढच्या कॅसेटचं कव्हर रूपालीताई करतील असं हळूच सांगितलं.

साहेब ऑफिसात आले, नारळ टेबलावर ठेवला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं, की माझा पहिला सिद्धांतच खरा ठरला, कुणाला तरी नारळ मिळणार होता. मी लिहून घेतलं.