शेलारची समुद्रटेकडी

भिवंडी तालुक्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या स्थानिक वनस्पती आणि लोकसहभागातून पुनरुज्जीवित करण्याचा निर्णय एकमताने झाला. तालुक्याला समुद्रकिनारा नाही, हा मुद्दा बैठकीत निघाला होता. पण तो कार्यसूचीवर नव्हता. लक्ष्यांक ठरला : मे अखेर टेकडी एक.

योजनेच्या अधिकारी माधवी मॅडमनी खाडीकाठ पालथा घातला. चिखलच निघाला. शेवटी शेलार गावात दौलतच्या दारात दोन ब्रास वाळू सापडली. वर शेळी बसली होती. दौलतने जुनं छप्पर उतरवून भिंती उभ्या केल्या होत्या, पावसाआधी स्लॅब टाकायचा होता. तोवर बिऱ्हाड ताडपत्रीखाली.

"ही क्रश सँड हाय, मॅडम," दौलत म्हणाला. "खदानीतली. हिनं समुद्र बघितलेला न्हाय."

"मग वरून समुद्राच्या वाळूचा थर देऊ. आणि शेळी खाली घ्या. स्थानिक आहे, पण वनस्पती नाही."

"आन माझा स्लॅब?"

"टेकडीला आता हात लावता येणार नाही. तुम्ही लोकसहभाग आहात."

कुंपण झालं, फलक लागला. समुद्राची वाळू एका ट्रकमधून आली. किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणाऱ्या मर्यादवेलीची रोपं मात्र आली नाहीत, म्हणून दौलतच्या बायकोने, गुणाबाईने, भोपळा लावला.

"हा स्थानिक आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"सासूच्या वेलाचं बी हाय. अजून किती स्थानिक पायजे?"

'स्थानिक, पिढीजात' अशी नोंद झाली.

जूनमध्ये टेकडी वाहून जाण्याचा धोका वर कळवण्यात आला. 'उपलब्ध साधनांतून तातडीने आच्छादन करावे,' असं उत्तर आलं. शेलारमध्ये उपलब्ध ताडपत्री एकच होती. ती टेकडीवर गेली. त्यानंतर गुणाबाई भाकरी थापायची आणि दौलत तिच्यावर छत्री धरून उभा राहायचा.

"अध्यक्षसाहेब, जरा चुलीकडं धरा," ती म्हणायची. दौलतला टेकडी समितीचा अध्यक्ष केलं होतं.

जुलैत टेकडीला जिल्ह्याचा पहिला पुरस्कार मिळाला. दौलतला शाल-श्रीफळ दिलं. शाल त्याने घरी पोचेपर्यंत अंगावरून काढली नाही. कोरडं कापड बऱ्याच दिवसांनी लागलं होतं. ताडपत्रीवर पसरलेल्या भोपळ्याच्या पिवळ्या फुलांसह टेकडीचा फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. आपणही अंगठा दाखवून पुढे पाठवलाच.

समुद्राची वाळू ज्या गावाहून आणली, तिथे ट्रक येईपर्यंत एक खरी टेकडी होती.