चौतीस मीटर जादा तांबे

दोन माणसांमधला जिव्हाळा त्यांच्यामधल्या तांब्याच्या लांबीवर अवलंबून असतो, हे आता तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झाले आहे. इंटरनेटची नवी काचेची तार संग्रामपुरात चौकातल्या डब्यापर्यंत आली, आणि तिथून पुढे घरापर्यंत जुन्या टेलिफोनचीच तांब्याची तार वापरायची असे कंपनीने ठरवले. हे तांबे शंभर मीटरच्या आत असले तर थेट काचेच्या तारेसारखा वेग मिळतो. शंभराच्या पुढे कंपनी फक्त शुभेच्छा देते.

योजनेआधी रीतसर सर्वेक्षण झाले. गावात टेलिफोनच्या एकूण १८६ तारा सापडल्या. पैकी फोनला जोडलेल्या चार, कपडे वाळत घालण्याच्या कामी लागलेल्या १११, दोडक्याच्या वेलाला दिलेल्या ३९. उरलेल्या बत्तीस तारांबाबत कुटुंबप्रमुखांनी बोलण्यास नकार दिला (नकाराची नोंद घेण्यात आली).

चारांतली एक तार भालचंद्ररावांची. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. चालू असलेली गोष्ट लेखी आदेशाशिवाय बंद करायची नसते, या तत्त्वावर त्यांनी फोन ठेवला होता. आता मात्र त्यांना वेग हवा होता, तोही तातडीने. त्यांचा मुलगा विहंग पुण्याला असतो. दर रविवारी अकरा वाजता तो व्हिडिओ कॉल करी आणि चौथ्या मिनिटाला त्याचे चित्र थिजे. (चौथे मिनिट म्हणजे साधारणपणे गावी कधी येणार हे विचारण्याची वेळ.) "बाबा, तुमच्याकडचं नेट खराब आहे, नंतर करतो," एवढे तुटक तुटक ऐकू येई आणि संपे. सव्वीस रविवारांची सरासरी तीन मिनिटे बावन्न सेकंद निघाली. पोराशी धड पाच मिनिटे बोलता येऊ नये आणि दोष आपल्या तारेचा असावा, याचे भालचंद्ररावांना फार वाईट वाटे.

कंपनीच्या इंजिनिअर सारिकाताईंनी तार मोजली. एकशे एकतीस मीटर भरली. चौकापासून सरळ आणली तर सत्त्याण्णव. जादा चौतीस मीटर हे शुद्ध भांडण होते. १९९६ साली शेजारच्या उकंडरावांनी आपल्या गच्चीवरून तार जाऊ दिली नव्हती. "फोन तुमच्या घरी, अन् वीज पडाची आमच्या डोक्यावर?" असा त्यांचा प्रश्न होता. मग तार कडुनिंबाला वळसा घालून आली, आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले. कंपनीच्या नमुन्यात भांडणाला रकाना नव्हता. शेजाऱ्याच्या ना-हरकत पत्राला मात्र होता.

भालचंद्ररावांनी आयुष्यभर लोकांकडून ना-हरकत पत्रे मागवली होती. स्वतः मागायला जाण्याचा प्रसंग पहिलाच. उकंडराव अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. भालचंद्ररावांनी अर्ज पुढे केला (विषय, संदर्भ आणि सोबत जोडलेला नकाशा).

"तार तुमच्या गच्चीवरून जाऊ द्या. पोराशी बोलता येत नाही मले."

उकंडरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढंच? मंग अर्ज काऊन आणला? नुसतं सांगतलं असतं तरी झालं असतं."

"तुम्ही नाही म्हटलं होतं."

"ते शहाण्णव साली. मंग तुम्ही कधी इचारलंच नाही."

त्यांनी सही केली आणि वर मेथीची एक जुडी दिली. तिची पोच देण्याची सोय नमुन्यात नव्हती.

तार सरळ झाली. सारिकाताईंनी वेग मोजला, तो संग्रामपुरात आजवर कशालाही मिळालेल्या वेगापेक्षा जास्त भरला. रविवारी अकराला विहंग दिसला तो इतका स्वच्छ, की त्याच्या कानाजवळचे पिकलेले चार केससुद्धा मोजता आले. भालचंद्ररावांना भरून आले. जनकाबाईही चष्मा पुसून नवऱ्याशेजारी येऊन बसल्या. चौथ्या मिनिटाला त्यांनीच विचारले, "मंग येतं कधी, बाबू?"

"आई... आवाज... तुटतोय," विहंग म्हणाला आणि तोंड अर्धे उघडे ठेवून थिजला.

जनकाबाई पडद्याजवळ वाकल्या. "अवो, त्याच्या मांगचा पंखा तं फिरून राह्यला."

भालचंद्ररावांनी पंखा पाहिला. तीन पाती, वेग समाधानकारक. पोरगा मात्र डोळ्याची पापणीही हलू देत नव्हता. "लाइनच खराब असंल आपली," ते मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी घाईने फोन बंद केला, कारण इतका वेळ एकाच जागी धरून त्याची मान अवघडेल अशी त्यांना काळजी वाटली.

सोमवारी त्यांनी कंपनीला अर्ज दिला. विषय : पूर्वीची चौतीस मीटर तार पुन्हा जोडून मिळणेबाबत. कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, "चित्र फार स्वच्छ दिसते."

वेग कमी करून देण्याची तरतूद नसल्याने अर्ज प्रलंबित आहे. तो निकाली निघेपर्यंत, गावाकडे फोन करणाऱ्या सर्व वाचकांना नम्र सूचना देण्यात येते की, चौथ्या मिनिटाला थिजायचे असल्यास तिसऱ्या मिनिटालाच उठून पंखा बंद करावा.