गोंगाट साफ

वैभवीच्या साक्षगंधाला जेमतेम तास उरला होता आणि तिचे वडील केशवराव बाथरूममध्ये कडी लावून मोबाइलशी झटत बसले होते. घरभर पाहुणे, दुसरी शांत जागा उरली कुठे?

कामिनीताईंनी चौथ्यांदा दार ठोकलं. "अवो, काय करून राहिले आतमंदी?"

"चालीले सनई लावून राहिलो!"

"आदी पायजम्याले नाडी लावा!"

कामिनीताईंना नवऱ्याचं दुखणं ठाऊक नव्हतं असं नाही. होणाऱ्या विहीणबाई, गोपिकाबाई, गाण्याच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. पहिल्या बैठकीत चहा पिता पिता त्या सहज म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरात गाणं नाही वाटते कोणाले." तो घोट केशवरावांच्या घशाखाली अजून उतरला नव्हता. विहीणबाईंचं स्वागत स्वतः गायलेल्या, स्वतःच्या चालीनंच करायचं, असा त्यांनी पण केला. गुणगुणलं की गाणं तयार करून देणारं ॲप घेतलं. आता ज्या गळ्यानं आयुष्यभर कचेरीत फायली मागितल्या, त्याच्याकडून चाल काढायची म्हणजे धाडसच.

गायला निवांत सुट्टी सापडली ती नेमकी मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा भला मोठा पुतळा वाजतगाजत नेऊन गावाची इडापिडा तिच्यासोबत वेशीबाहेर घालवतात, आणि केशवरावांचं घर इतवारीत, मिरवणुकीच्या ऐन रस्त्यावर. खिडक्या लावूनसुद्धा त्यांच्या चालीत अख्खी इतवारी घुसली. आठवडाभर त्यांनी ती काढायचा प्रयत्न केला, पण इतवारी काही निघेना.

आज सकाळी मात्र ॲप आपसूकच नवं झालं. जुनी बटणं जागची हलली आणि तीन नवी उगवली: 'सनई', 'आपोआप साथ' आणि 'गोंगाट साफ करा'. केशवरावांनी देवाचं नाव घेऊन तिन्ही दाबली. चाक फिरलं, 'गोंगाट साफ झाला' अशी अक्षरं आली. सुरुवातीचा तंबोरा आणि सनई ऐकूनच त्यांचे डोळे भरून आले. पुढचं ऐकणार, तोच कामिनीताई ओरडल्या, "आले वं माय पाहुणे!"

उंबरठ्यावर गोपिकाबाई, मागे व्याही मनोहरराव आणि नवरदेव ऋषी. कामिनीताईंनी ओवाळणीचं ताट उचललं आणि केशवरावांनी स्पीकर सुरू केला. तंबोरा झाला, सनई झाली. गोपिकाबाईंच्या भुवया कौतुकानं वर गेल्या. मग ढोल कडाडला आणि शेकडो गळ्यांनी आरोळी ठोकली, "इडा, पिडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!"

ताटातलं निरांजन डगमगलं. केशवराव बंद करायला धावले, पण बंदचं बटण होतं तिथे आता 'पुन्हा पुन्हा वाजवा' होतं.

"घेऊन जा गे मारबत!"

"काहून जी, केशवराव," गोपिकाबाई म्हणाल्या, "आमाले दारातूनच हाकलून राहिले का?"

"नाही जी! ते... मी... माही चाल होती त्यात..." केशवरावांना घाम फुटला. पोरीचं लग्न आपल्या हौसेपायी मोडलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी स्पीकरची वायरच धरली.

"थांबा, ओढू नका!" गोपिकाबाईंनी मान कलती केली. त्यांचा हात पदराआड ताल धरत होता. "ठेका पाहा न कसा धरला! पस्तीस वर्षं पोरं शिकवली मी, पण इतके गळे कधी एका तालावर पडले नाही. तुमच्या घरात गाणं हाय म्हणायचं!"

मनोहरराव खो खो हसत सुटले. ऋषी तर नाचायलाच लागला. गोपिकाबाई आत आल्या आणि हळूच कामिनीताईंना म्हणाल्या, "खरं सांगू? ऋषी म्हणे, केशवराव इवाई स्वतः गाणार हायेत. सकाळपासून मले भेवच वाटून राहिलं होतं."

पंगत बसली तेव्हा केशवरावांनी कोपऱ्यात जाऊन मोबाइल पाहिला. पडद्यावर सूचना होती: 'साफ केलेला गोंगाट: एक पुरुषी आवाज. परत आणायचा?'

त्यांचं बोट 'हो'कडे निघालं. तेवढ्यात मागून कामिनीताईंचा तुपाचा अंगठा आला आणि 'नाही'वर टेकला.

"चला," त्या म्हणाल्या, "इहीणबाई वाट पाहून राहिल्या."