बॅटरीवरची शर्यत

जावयाचा लॅपटॉप आपण बिघडवला, याबद्दल शामकांत सरांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. प्रश्न एवढाच होता की हे सांगायचं कसं. कारण लॅपटॉपचं बाकी सगळं ठणठणीत होतं. पडदा उजळत होता, अक्षरं उमटत होती. मंदावली होती ती फक्त गेममधली लाल मोटार. आणि मोटार मंदावली हे कळायला माणसाने ती आधी भरधाव पळवलेली असावी लागते.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे खपूनही गेलं असतं. पण सरांनी जन्मभर नगरच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि गणिताइतकाच खेळांचा द्वेषही शिकवला होता. शहरात व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली तेव्हा सर संध्याकाळी हातात छत्री घेऊन त्यांच्या दाराशी उभे राहत आणि आत सापडलेल्या पोराला कानाला धरून घरी पोचवत. घरच्या लेकीलाही सूट नव्हती. मनवा नववीत असताना तिच्या मामाने वाढदिवसाला हातात धरून खेळायचा गेम पाठवला, तो सरांनी दुसऱ्याच दिवशी टपालाने परत केला. मनवा रडली नाही, एका शब्दाने काही बोललीही नाही. पोरगी समंजस आहे, असं सरांनी तेव्हा सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

पुढे मनवाचं लग्न झालं आणि एका वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचं राज्य. मनवा आणि सुहास पुण्याहून नगरला, सावेडीच्या घरी आठवडाभर राहायला आले. सुहासबरोबर कंपनीने दिलेला भारीतला लॅपटॉप होता. बाहेरच्या खोलीत दिवाणाजवळच्या टेबलावर वायर खोचून त्याने तो मांडला आणि सासऱ्यांचं मन रमावं म्हणून मोटारींची शर्यत लावून दाखवली. सरांनी नुसतं "हं" म्हटलं आणि पेपर तोंडासमोर धरला. मात्र पेपराच्या वरच्या कडेवरून त्यांनी अख्खी शर्यत पाहिली.

दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई श्रीरामपूरला आत्याकडे गेले आणि सरांच्या पत्नी प्रेमलाबाई देवळात पोथी ऐकायला. यंत्र बेरीज कशी करतं ते बघावं, एवढ्याच शैक्षणिक हेतूने सर टेबलापाशी बसले. बेरीज राहिली बाजूला. दुपारी प्रेमलाबाई परतल्या तेव्हा सर घामाने डबडबले होते आणि वळण आलं की खुर्चीसकट कलत होते. चपलांचा आवाज येताच त्यांनी झाकण मिटलं म्हणून अब्रू वाचली. प्रेमलाबाईंनी कपाळाला हात लावून ताप नाही ना हे पाहिलं.

त्यानंतर सरांचं जेवणात लक्ष लागेना. मुलगी-जावई संध्याकाळी परतले, त्यामुळे बाहेरची खोली हातची गेली. पण जावईबापू आमरसावर ताव मारून दुपारी दिवाणावर घोरत पडत. तिसऱ्या दिवशी सरांनी हळूच वायर उपसली, लॅपटॉप उपरण्यात गुंडाळला आणि मागच्या अडगळीच्या खोलीत जाऊन पिंपावर मांडला. शेजारी एक अनारसाही होता, कारण जिवाला धीर हवा. गेम सुरू झाला आणि कालची ती वाऱ्यासारखी मोटार अडखळत, ठेचकाळत, उसाच्या बैलगाडीसारखी चालू लागली. सरांनी बोटं दुखेपर्यंत बटणं दाबली. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात त्यांचं लक्ष बटणांच्या फटींकडे गेलं. तिथे अनारशाची खसखस सांडली होती, आणि बरीचशी आत गेली होती. सरांच्या पायाखालची जमीन सरकली. खसखशीने माणसाला सुस्ती येते हे त्यांना आजीपासून ठाऊक होतं. यंत्राला येत नाही असं कुठे लिहिलं होतं? गणिताच्या मास्तराला असला विचार शोभत नाही, हेही त्यांना कळत होतं. पण भ्यालेल्या माणसाचं गणित वेगळं असतं.

त्यांनी लॅपटॉप उपडा करून तान्ह्या बाळासारखा थोपटला. चार दाणे पडले. मोटार तशीच. मग हवेचा झोत मारावा म्हणून त्यांनी शेजारच्या सहादेव रिक्षावाल्याकडून सायकलचा पंप मागून आणला. कशाला हवा, असं सहादेवने विचारलं तेव्हा सर म्हणाले, सायकलची हवा गेलीय. खोटं बोलायची सवय नसली की माणूस अगदी पहिल्याच खोट्यात अडकतो. सहादेव पाठोपाठ घरात आला.

"सर, तुमी कशाला तरास घेता? आना इकडं, मी भरतो की."

"नको रे. मला व्यायाम होतो तेवढाच."

"उन्हाचा कसला व्यायाम. सायकल कुटं हाय?"

सायकल अंगणात उभी होती आणि तिची दोन्ही चाकं टणक होती. सरांनी सहादेवला आत पाणी प्यायला पाठवलं आणि तेवढ्यात दोन्ही चाकांची हवा स्वतःच्या हाताने सोडली. घाईत मागच्या चाकाचा वॉल्व्ह निसटून गटारात गेला. सहादेवने येऊन पाहिलं, हळहळला, आणि सर नको नको म्हणत असताना सायकल खांद्यावर टाकून सायकलच्या दुकानात घेऊन गेला. पंपही तोच घेऊन गेला. सर अंगणात उभे राहिले. विद्यार्थ्यांनी जन्मभर मारलेल्या सगळ्या थापा त्यांना आठवल्या आणि त्या सगळ्या आपल्यापेक्षा सरस होत्या असं वाटून त्यांना फार लाज वाटली.

पुढच्या दोन दुपारी त्यांनी लॅपटॉप उपरण्यातून मागे नेला आणि दोन्ही वेळा मोटार रडतखडतच चालली. सुहास जागा होण्याआधी ते तो परत टेबलावर ठेवत, वायर जशीच्या तशी खोचत आणि पेपर उघडून बसत. सुहास संध्याकाळी ऑफिसचं काम करायला बसला की सर कान टवकारत. आता तो गेम लावणार, आता त्याला कळणार. मूग गिळून बसायचं तर पोरगा पुण्यात साहेबाची बोलणी खाणार, आणि खरं सांगावं तर मनवा समोर. जावयाची माफी मागण्याइतके ते मोठे होते. पण लेकीच्या नजरेला नजर द्यायची त्यांची छाती नव्हती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. सांगता येईना म्हणून सर भरपाई करू लागले. सुहासला रोज आग्रह करून दोन धोंडे जास्त वाढू लागले, दुपारी झोपला की स्वतः पंख्याची दिशा बदलू लागले, अंघोळीचं पाणी काढून देऊ लागले. वाणाच्या दिवशी तर कहर झाला. प्रेमलाबाईंनी चांदीचं निरांजन आणि शर्टपीस काढून ठेवलं होतं. ते देऊन झाल्यावर सरांनी सगळ्यांदेखत आपल्या बोटातली, वडिलांची, अंगठी काढली आणि जावयाच्या हातात ठेवली. प्रेमलाबाईंच्या हातातलं कुंकवाचं ताट कललं.

सुहासचा चेहरा उतरला. तो अंगठीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "अण्णा, खरं सांगा. तुम्हाला काही आजार निघालाय का?"

"छे छे."

"मग हे सगळं काय चाललंय? परवापासून तुम्ही माझ्याशी असं वागताय की मला घास गिळवत नाही. ही अंगठी मी घेणार नाही."

प्रेमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मनवा घाबरून वडिलांजवळ आली आणि तिने त्यांचा हात धरला. तो हात धरला गेला आणि सरांचा बांध फुटला.

"तुमचा लॅपटॉप माझ्या हातून बिघडला, सुहासराव. आत खसखस गेली."

सुहास चकित झाला. तो म्हणाला, अहो, मी तर रोज त्यावर काम करतोय, त्याला काही झालेलं नाही. सर म्हणाले, झालंय, मंद झालाय तो. कशात मंद झालाय, असं सुहासने विचारलं. सरांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, निरांजनाकडे पाहिलं. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मोटार. वळणावर."

मनवाने हात सोडला.

सुहासला हसू आवरत नव्हतं, पण बिचाऱ्याने ते गिळलं. "अण्णा, खेळताना वायर काढली होती का?"

"काढली होती. मागच्या खोलीत नेला होता."

"मग बरोबर आहे. वायर काढली की तो बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी पुरावी म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. वायर लावून खेळला असतात तर तसाच पळाला असता. बिघडलंय कुठे काय?"

म्हणजे काही झालंच नव्हतं. लपवून खेळलो म्हणून तो मंद झाला, मंद झाला म्हणून घाबरलो, आणि घाबरलो म्हणून कुणी न विचारता सगळं ओकून बसलो. एवढा सोपा हिशोब गणिताच्या मास्तराला चार दिवसांत सुटला नव्हता. सर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. प्रेमलाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या रडायला गेल्या नव्हत्या हे बाहेर ऐकू येत होतं.

मनवा मात्र हसली नाही. तिने सुहासच्या हातातली अंगठी घेतली आणि वडिलांच्या बोटात परत घातली. मग बाहेरच्या खोलीत गेली. सर अपराध्यासारखे तिच्यामागे गेले. ती टेबलापाशी बसून लाल मोटारीकडे पाहत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून सरांनी घसा खाकरला.

"खेळतेस का एक डाव?"

"मला येत नाही, अण्णा," मनवा म्हणाली. "मी कधी खेळलेच नाही ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, लेकीशेजारी बसले आणि तिचं बोट धरून एकेका बटणावर ठेवलं. हा वेग, हा ब्रेक, वळण आलं की आधी ब्रेक. ती पहिल्याच वळणाला झाडावर आदळली. सरांनी सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, आणि पडद्यावरची मोटार रखडत चालू लागली.

"झालं हिचं बैलगाडं," सुहास दारातून म्हणाला. "लाईट येईपर्यंत थांबा आता."

"नको," सर म्हणाले. "शिकणाऱ्याला एवढाच वेग बरा. चल मनवा, पुन्हा पहिल्यापासून."

आणि मनवा पहिल्यापासून शिकू लागली.