इंगळे सरांचं ‘कोण म्हणते?’

मी आज जो काही आहे तो भगवान इंगळे सरांमुळे. मेहकरच्या कॉलेजात ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. त्यांना काहीही सांगा, ते आधी विचारणार, “कोण म्हणते?”

स्टँडवर कंडक्टर म्हणाला, “चिखली गाडी पाचला सुटते.” सर म्हणाले, “कोण म्हणते?”

“अहो सर, मीच नेऊन राह्यलो ना गाडी!”

“मंग ठीक.”

भाजीवालीजवळ मात्र त्यांचं चालत नसे. “मेथी आजचीच हाये,” “कोण म्हणते?”, “मेथी म्हणते! घ्या, नाही त पुढं व्हा.”

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. बारावीनंतर सरांनी मला घरी बोलावलं आणि म्हणाले, “मेंदूचं शिक. बाकी अवयवांले लय लोक हायेत.” मी शिकलो. आता बंगळुरूला गर्भातल्या बाळाचा मेंदू कसा घडतो यावर संशोधन करतो. आमच्या धंद्यात दुसऱ्यांनी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला दिला की तुमची किंमत वाढते. हे सरांना समजवायला मी बराच वेळ धरून ठेवला होता. ते एका दमात म्हणाले, “म्हंजे जगात कोणी ‘कोण म्हणते’ विचारलं, की लोक तुह्यं नाव सांगतात!”

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन. कोणी कोणी नाव घेतलं ते विचारायचं आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचं. “जपानवाल्यानं पोराचं नाव घेतलं बे!” टपरीवाला विचारायचा, “सर, लग्नाले येतात का हे जपानवाले?” एकदा एका मोठ्या लेखात माझं नाव राहून गेलं. सरच रुसले. “पत्रिकेत मामाचं नाव राह्यलं त मामा मांडवात पाय ठेवत नाही. तू काऊन गप बसला?”

फोन ठेवताना मात्र आवाज खाली जायचा. “अन् ग्रहणाचं कोणी काही लिहिलं का?” मला ती त्यांची थट्टा वाटे. मी हसून “नाही सर” म्हणायचो.

मागच्या वर्षी काकू, सरांच्या पत्नी, गेल्या. भेटायला गेलो तेव्हा सर मुलीची, सुजाताताईची वेणी घालत होते. ताई तिशी ओलांडलेली. बोलते दोन-चार शब्द, मधूनच झटके येतात. मी म्हणालो, “सर, काकू समाधानानं गेल्या.”

सरांनी ‘कोण म्हणते?’ विचारलं नाही. वेणीला रिबन बांधली आणि बराच वेळ ती सरळ करत बसले.

“ग्रहणात गर्भार बाईनं काही कापलं की लेकरू अधू होते, असं गल्लीत म्हणत. मी विज्ञानाचा मास्तर. तुह्या काकूले आठवा महिना लागला होता. ग्रहण लागल्यावर ओट्यावर बसवली, सगळ्यांदेखत वांगी कापाले लावली. ती भीत होती. म्हणे, नको, लोक म्हणतात. मी म्हणलो, कोण म्हणते?”

ताई वेणीचं टोक हातात घेऊन पाहत होती.

“मंग ही झाली. तुह्या काकूनं मले एकदाही बोलून नाही दाखवलं बे. बोलली असती त बरं झालं असतं. ग्रहणानं काही होत नाही, हे मीच शिकवलं. पण तिच्या तोंडाकडं पाह्यलं की मले ते खरं नाही वाटे. तू मेंदूचा माणूस. पाहून लिहून दे.”

मी ताईच्या मेंदूच्या एमआरआयच्या फिल्म सोबत घेतल्या. बंगळुरूला पोचल्यावर हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

जयभीम. ताईच्या फिल्म मी पाहिल्या, दोन जाणत्या डॉक्टरांनाही दाखवल्या. बाळाच्या मेंदूतल्या पेशी आत जन्मतात आणि प्रवास करून वर आपापल्या जागी जाऊन बसतात. ताईच्या काही पेशी अर्ध्या वाटेतच थांबल्या. त्यांची पट्टी फिल्ममध्ये स्पष्ट दिसते. हा प्रवास बहुतांशी पाचव्या महिन्यापर्यंत संपतो. काकू ओट्यावर बसल्या तेव्हा त्यांना आठवा होता. म्हणजे वांगी कापायच्या कितीतरी आधी हे होऊन गेलेलं होतं. यात काकूंच्या हातून काही झालं नाही. तुमच्याही नाही.

हे काकूंच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचा.

कोण म्हणते, असं विचाराल.

मी म्हणतो, सर.

तुमचा,
सचिन